रॉयल सोसायटीच्या जुन्या तारखा कशा लावायच्या

समजा पॅरिसहून १० मेला लिहिलेलं पत्र लंडनला रॉयल सोसायटीच्या (तिथली जुनी विज्ञानसंस्था) सभेत ८ मेलाच वाचून दाखवलं असं दिसलं, तर छपाईची चूक म्हणून सोडून देऊ नका, मी तेच केलं आणि अख्खा रविवार वाया घालवला. साल १७५२ च्या आधीचं असेल तर दोन्ही तारखा बरोबर असू शकतात. फ्रान्सने जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन १५८२ लाच घेतलं, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत ताणलं, तिथे २ सप्टेंबरनंतर डायरेक्ट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून अठराव्या शतकातल्या अशा इंग्लिश तारखेत आधी ११ दिवस मिळवा, मग तुलना करा.

मग साल बघा. इंग्लंडमध्ये तेव्हा कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्चच्या मध्ये १७२६/७ असं दुहेरी लिहिलेलं सापडतं, आपण नंतरचा आकडा, म्हणजे १७२७ धरायचा. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन गेला २० मार्च १७२६/७ ला, म्हणजे आपल्या हिशेबाने ३१ मार्च १७२७. नुसतं १७२६ लिहिलं असेल तर मात्र पुढचीमागची पानं चाळल्याशिवाय काही ठरवू नका.

निरीक्षणाची वही असेल तर अजून एक भानगड. खगोलवाल्यांचा दिवस दुपारी १२ ला सुरू व्हायचा (पंचांगात तो सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आपल्याला हे तितकं विचित्र वाटू नये), म्हणजे १३ मार्च १४ तास असं लिहिलं असेल तर ती आपली १४ मार्चची पहाटे २ ची वेळ.

आणि बघितलं कधी, सभेत वाचलं कधी, छापलं कधी या तिन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवा प्लीज. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने इंग्लंडमधल्या बाथ शहरात युरेनस बघितला मंगळवार १३ मार्च १७८१ ला, रात्री १० ते ११ च्या दरम्यान, आणि सभेत त्याचा लेख वाचला गेला २६ एप्रिलला, तोही धूमकेतू म्हणून! तोवर ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख मॅस्केलाइन तो आकाशात शोधून बघायलाही लागला होता.

शेवटी वार काढून बघा. सभा गुरुवारी भरायच्या, २६ एप्रिल १७८१ गुरुवारच येतो. तुमच्या तारखेला दुसराच वार आला तर बहुतेक ते ११ दिवस मिळवायचे राहिलेत, नाहीतर दोनदा मिळवलेत.