गरोदरपणात झिका : या चुका टाळा

‘ताप आलाच नाही, मग झिका कसला?’ झिका हा एडिस डास चावल्याने पसरणारा विषाणू, आणि त्याच्याबाबत सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. लागण झालेल्या पाच जणांपैकी साधारण चौघांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यांना हलका ताप, पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी. आठवड्याभरात सगळं ओसरतं. पोटातल्या बाळाचं मात्र तसं नसतं. विषाणू वारेतून (प्लासेंटातून) पलीकडे गेला, तर मेंदूच्या वाढत्या पेशींवरच घाला घालतो. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. 2015 मध्ये ब्राझीलमध्ये डोकं लहान राहिलेली बाळं एकाएकी वाढली, तेव्हा कुठे जगाचं इकडे लक्ष गेलं.

दुसरी चूक, फक्त रात्री मच्छरदाणी लावायची. एडिस डास दिवसाउजेडी चावतो, सकाळी आणि दिवस कलताना जास्त. दुपारची डुलकीही मच्छरदाणीतच काढा. डीट किंवा पिकारिडिन असलेलं, डासांना दूर ठेवणारं मलम गरोदरपणी चालतं, लेबलवर लिहिल्याप्रमाणे लावलं म्हणजे झालं. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, मलम नंतर.

बादली नुसती उपडी करून भागत नाही. डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, कडेला चिकटलेली असतात; काळी, बारीक, काजळीचे ठिपके वाटावेत अशी. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी भरलं की अळ्या तयार. घासणीने खरवडून काढायची.

नवऱ्याचा विचार तर कुणी करतच नाही. झिका वीर्यातूनही पसरतो. नवरा साथीच्या भागातून आला असेल, तर बाळंतपणापर्यंत कंडोम वापरायचाच, त्याला लक्षणं असोत-नसोत. दिवस राहायचे असतील तर तो परतल्यावर तीन महिने थांबा. प्रवास एकट्या बायकोनेच केला असेल तर दोन.

ताप आलाच तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. रक्त-लघवीची पीसीआर तपासणी (थेट विषाणूचा अंश शोधणारी) लगेच करा, कारण विषाणू थोडेच दिवस सापडतो. उशिराच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका.

एका सोनोग्राफीवर निर्धास्त होणं जसं चूक, तसंच लागण कळताच हाय खाणंही. जन्मदोष साधारण 5 ते 15 टक्के बाळांत दिसतात, म्हणजे बहुतेक बाळं त्यातून सुटतात. पण जन्मताना डोकं नीट असूनही पुढे वाढ खुंटू शकते. नजर आणि ऐकणं तपासत राहावं लागतं. अंगावरचं दूध मात्र तोडू नका, ते सुरूच ठेवायचं.