एस-बॉक्स पाठ करत बसू नका

एईएस, म्हणजे माहिती गुप्त करायचं मानक तंत्र, शिकायला घेतलंत की लगेच एस-बॉक्स अंगावर येतो: कोणत्या आकड्याऐवजी कोणता घालायचा हे सांगणारा २५६ आकड्यांचा तक्ता. तो पाठ करा म्हणणारे सर भेटतील. मान डोलवा आणि पुढे चला.

खरी फसगत होते ती हा तक्ताच गुपित आहे असं धरून चालल्यामुळे. मीही बरेच दिवस त्यातच अडकलो होतो. अक्षराऐवजी अक्षर घालायच्या जुन्या पद्धतीत तक्ता फुटला की खेळ संपला. इथे तो २००१च्या मानकात सरळ छापलेला आहे. गुप्त किल्ली, म्हणजे ‘की’, त्यात नसतेच; ती दर फेरीत एक्सॉरने (दोन आकड्यांचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) मिसळली जाते.

मग तक्ता हवाच कशाला? इथे घाई करू नका. एईएसच्या फेरीतल्या बाकीच्या पायऱ्या, म्हणजे एक्सॉर, ओळी सरकवणं, स्तंभ मिसळणं, हे सगळं रेषीय आहे, साध्या बेरजेच्या समीकरणांत मांडता येणारं. दोन इनपुटांना एकच की लावून त्यांचं एक्सॉर केलंत, तर की उडून जाते आणि नुसता फरक उरतो. एवढ्यावरच भागवलं असतं तर दहाच्या हजार फेऱ्या करूनही सायफर (गुप्त करायची पद्धत) साध्या समीकरणांनी सुटला असता.

आता कागद घ्या. एस-बॉक्समध्ये ०चे ९९ होतात, १चे १२४; त्यांचं एक्सॉर ३१. २चे ११९, ३चे १२३, एक्सॉर १२. ४चे २४२, ५चे १०७; एक्सॉर १५३. आत जाणारा फरक तिन्ही वेळा १च, बाहेर येणारा दरवेळी निराळा. हे हाताने करा, व्हिडिओ बघून डोक्यात बसत नाही. आतला एक ठरावीक फरक बाहेरच्या एका ठरावीक फरकात बदलणं २५६पैकी जास्तीत जास्त ४ इनपुटांनाच जमतं. सगळी मेख यात आहे.

एईएसच्या आधीचं मानक असलेल्या डीईएसच्या आठ एस-बॉक्समध्ये एनएसए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने चोरवाट ठेवली असेल, असा संशय लोकांनी वर्षानुवर्षं घेतला. पुढे बिहाम आणि शमीर या संशोधकांनी असे आतले-बाहेरचे फरक वापरून की शोधायचा हल्ला मांडला, तेव्हा ते बॉक्स त्याला चांगलेच पुरून उरले. हा हल्ला आपल्याला आधीच ठाऊक होता, हे डीईएस बनवणाऱ्या आयबीएमच्या कॉपरस्मिथने १९९४मध्ये जाहीर केलं.

एईएसचा तक्ता येतो गॅल्वा फील्डमधल्या (मोजक्याच संख्यांच्या बंदिस्त अंकगणितातल्या) गुणाकार-व्यस्तातून, वर एक अफाइन रूपांतर (रेषीय बदल आणि एका ठरावीक आकड्याशी एक्सॉर). पहिल्या वाचनात हे डोक्यावरून जातंच. घाबरू नका, महिन्याने परत या.

पण स्वतः लिहिलेला तक्ता चालू प्रॉडक्टमध्ये घालायचा नाही, म्हणजे नाही. कॅशेमधून (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीतून) तक्ता वाचायला लागणाऱ्या वेळेवरूनही की काढता येते. तिथे प्रोसेसरमध्येच बसवलेल्या एईएसच्या आज्ञा (इन्स्ट्रक्शन) वापरणारी, तपासलेली लायब्ररीच घ्या.