एक्सलचा बूट घरी बदलताय? या चुका टाळा

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर किंवा कॅलिपरवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, की एक्सलचा बूट (जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण) फाटला असं समजा. बूट स्वस्त असतो, त्याच्या आतला जॉइंट (चाक वळलं तरी ते फिरवत ठेवणारा सांधा) महाग. म्हणून पहिली चूक इथेच होते: जॉइंट न तपासता बूट मागवणं. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा. कट-कट आवाज आला तर जॉइंटमधल्या छर्र्यांच्या खाचा झिजल्यात, नवा बूट आणि ग्रीस घालून तो आवाज जाणार नाही. आवाज नसेल तर थोडं जुनं ग्रीस बोटांत चोळून पाहा. कचकच लागली तर जॉइंट पूर्ण सुटा करून धुवावाच लागेल. पावसाळ्यात फाटका बूट घेऊन गाडी चालवली असेल तर आत हमखास चिखल सापडतो.

हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा. नटाची ठोकून दाबलेली कड आधी उचला, नाहीतर शाफ्टचे (एक्सलच्या दांड्याचे) आटे जातात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावाच. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर नट आट्यांच्या टोकापर्यंत परत चढवा, लाकडाचा ठोकळा धरून मग ठोका. हब बाहेर ओढताना ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊ देऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती शाफ्टला धरून ओढण्याची सवय. गिअरबॉक्सकडचा आतला ट्रायपॉड (तीन रोलरचा) जॉइंट त्याने कपातून निसटतो आणि रोलर सुटतात. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढायचाच असेल तर आतल्या कपाच्या मागे पहार लावून उचका, तेही सील (तेल अडवणारी रबरी कडी) सांभाळून, खाली तेलासाठी ट्रे ठेवून. फक्त बाहेरचा (चाकाकडचा) बूट बदलायचा असेल तर बऱ्याच गाड्यांत आतलं टोक जागेवरच राहू देता येतं. काही गाड्यांत मात्र बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही. तिथे आतला ट्रायपॉड उतरवून बूट त्या बाजूने सरकवतात. त्याआधी ट्रायपॉड, शाफ्ट आणि कपावर रंगाची खूण करा.

बाहेरचा जॉइंट निघत असेल तर आतल्या रेसवर (छर्र्यांच्या आतल्या कडीवर) पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) ठेवून एक जोरदार ठोका द्या. हळूहळू टिचक्या मारत बसलात तर सर्कलिप (जॉइंट शाफ्टवर अडकवणारी कडी) सुटत नाही. बाहेरच्या कडेवर तर ठोकूच नका. परत बसवताना सर्कलिप नवी हवी. बसल्यावर जॉइंट ओढून पाहा, हलता कामा नये.

ग्रीस कोणतंही चालत नाही. व्हील बेअरिंगचं ग्रीस इथे वापरू नका. मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस लागतं, आणि किटमधल्या पाकिटात ते मोजूनच येतं. अर्धं छर्र्यांमध्ये दाबून भरा, उरलेलं बुटात. जास्त भरलं तर बूट फुगतो आणि क्लँपखालून (बूट आवळणाऱ्या पट्ट्याखालून) ग्रीस झिरपतं. जिथे क्लँप बसतो ती खाच मात्र पुसून अगदी कोरडी हवी. इथे ग्रीसचा पातळ थर राहिला तरी बूट फिरतो, पिळतो आणि काही महिन्यांत पुन्हा फाटतो.

मोठा क्लँप आधी आवळा. मग जॉइंट सरळ धरून लहान तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घाला, कोंडलेली हवा निघू द्या आणि त्यानंतर लहान क्लँप लावा. हवा राहिली किंवा बूट आत ओढला गेला तर घड्या एकमेकींना घासतात. प्लॅस्टिकच्या केबल टायने काम भागवू नका, त्या वेगात आणि उष्णतेत टिकत नाहीत. उभा चिरलेला, चिकटवायचा बूट फक्त गॅरेज गाठण्यापुरता.

शाफ्ट नसताना चाकावर गाडीचा भार देऊ नका, हबचं बेअरिंग खराब होतं. हबचा नट नवाच घ्या. नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा आणि त्याची कड पुन्हा दाबा. गिअरबॉक्समधून तेल गेलं असेल तर त्याच ग्रेडचं तेल लेव्हलपर्यंत भरा. शाफ्टजवळ तेल टिपकत राहिलं तर सील फाटलं आहे किंवा शाफ्ट पूर्ण आत बसलेला नाही.

शंभरेक किलोमीटर चालवल्यावर दोन्ही क्लँप पाहा. कडेला ग्रीस दिसलं तर बूट तसाच ठेवा, खाच पुसा आणि क्लँप नवा लावा.