होस्ट्स फाईलमधून साईट ब्लॉक करताय? या चुका टाळा

विंडोजमध्ये नको ती साईट बंद करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत आत गेलं की ‘होस्ट्स’ नावाची फाईल सापडते. तिच्यात १२७.०.०.१ (हा आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता, म्हणून साईट सापडत नाही), मग स्पेस, मग साईटचं नाव (अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत नि अंकांत). काम एवढंच. तरी कुणी ना कुणी विचारतंच, "लिहिलं हो, पण साईट चालूच आहे!"

सगळ्यात जास्त घोळ फाईलच्या नावात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या मुलाची दहावी होती, यूट्यूब बंद करायचं होतं. मी गेलो तर फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाच्या दोन फाईली शेजारीशेजारी. "ही बघ ना, यात लिहिलंय की मी!" काकू खोटं बोलत नव्हत्या. झालं असं, की नोटपॅड साधंच उघडलेलं, त्यामुळे सेव्ह करायला परवानगी मिळेना. मग फाईल डेस्कटॉपवर सेव्ह केली आणि तिथून ओढून फोल्डरमध्ये टाकली. नोटपॅडने गुपचूप मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवलं होतं आणि विंडोज ते शेपूट दाखवत नाही. सिस्टम वाचते ती बिनशेपटीची फाईल. काकूंची फाईल कुणी वाचतच नव्हतं.

माझी सवय सांगतो: नोटपॅडवर राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, मग आतूनच फाईल ओपन. फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका, खाली ‘ऑल फाईल्स’ निवडा. शेवटी कंट्रोल एस. ‘सेव्ह ॲज’च्या वाटेला जाऊच नका.

फाईलमधल्या नमुन्याच्या ओळी कॉपी करणाऱ्यांनो, सुरुवातीचं हॅश (#) काढा. हॅश असलेली ओळ सिस्टम सोडून देते.

दुसरं दुखणं पत्त्याचं. इथे एचटीटीपी लिहायचं नाही, तिरकी रेघ नाही, फक्त नाव. स्टार टाकून ‘सगळंच बंद’ असंही होत नाही. यूट्यूब डॉट कॉम लिहिलं म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं बंद झालं असं नाही, आणि मोबाइलचं ‘एम डॉट’वालं तर नाहीच. तिन्हींसाठी तीन ओळी. "फक्त शॉर्ट्स बंद करता येतील का?" नाही येणार. ही फाईल नाव बघते, साईटच्या आतलं पान नाही.

घाई असलेली मंडळी यावर नेटवरून हजारो साईटींची तयार यादी आणून चिकटवतात. मग महिन्याभराने बँकेचं किंवा फॉर्मचं एखादं पान अडलं, की कुठल्या ओळीने अडवलं ते शोधत बसतात. त्यातून यादीत मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर असले, तर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर ‘होस्ट्स फाईल हायजॅक’ म्हणून ओरडतो. दहा ओळी स्वतःच्या हाताने लिहा, बाबांनो.

बदल केल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. तरी साईट दिसली तर साठवलेले जुने पत्ते पुसायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, ‘/फ्लशडीएनएस’.

आणि मुलाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असेल, तर तो स्वतःच ओळी पुसू शकतो, वरचं सगळं पाण्यात. त्याला स्टँडर्ड खातं करून द्या नि ॲडमिनचा पासवर्ड सांगू नका. काकूंचा पासवर्ड मुलाची जन्मतारीखच होती. तो आधी बदलायला लावला.