शिकवणीची गाडी जमते, घरची बंद पडते?

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी छान चालवणारा माणूस घरची गाडी फाटकातच तीनदा बंद पाडतो. तो काही विसरलेला नसतो. क्लच किती सोडला की गाडी ओढ घेते, ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि पाय जुन्या गाडीच्याच अंदाजाने उठतो.

मोकळ्या, सपाट मैदानात जा. शेजारी जाणकार हवाच. पहिला गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच अगदी हळू सोडा. गाडी थरथरून सरकू लागली की पाय तिथेच धरा; मग क्लच दाबून ब्रेक लावा. असं १०-१५ वेळा. बंद पडली तर पडू द्या. अंदाज कुठे चुकला हे कळल्यावरच लहान मेंदू (हालचालींचा ताळमेळ राखणारा मेंदूचा मागचा भाग) पुढचा अंदाज सुधारतो.

त्यानंतर मात्र एकच गोष्ट घोटत बसू नका. चढावर थांबून निघणं, रिव्हर्स, वळण हे आलटून पालटून करा. त्या दिवशी चुका जास्त होतील, पण नव्या रस्त्यावर हाच सराव कामी येतो. १९७८ च्या एका प्रयोगात २ आणि ४ फुटांवरच्या लक्ष्यावर दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या टाकण्याचा सराव केलेली ८ वर्षांची मुलं ३ फुटांवरच्या चाचणीत, फक्त ३ फुटांचा सराव केलेल्या मुलांपेक्षा अचूक ठरली.

रविवारी सलग तीन तासांपेक्षा रोज वीस मिनिटं बरी. आणि सरावाला रोजचेच बूट घाला. जाड तळव्याने क्लचचा अंदाज बदलतो.