पुण्याहून अंदमान: दोघांनी, दोन सॅक घेऊन, बेटांवर कसं राहावं

पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये ट्रॅव्हलवाले सहा-सात ठिकाणं बसवतात, कारण गाडी दारात उभी असते आणि बोटीची तिकिटं त्यांनीच काढलेली असतात. पाठीवर सॅक टाकून जाणाऱ्या जोडप्याचं गणित वेगळं आहे. राहणं-खाणं आटोपशीर खर्चात होतं, पैसा आणि शक्ती खातात ते प्रवास. म्हणून बेटं कमी घ्या, मुक्काम वाढवा. आठ-नऊ दिवस हाताशी असतील तर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील एवढंच पुरे. उत्तरेकडचं डिगलीपूर पुढच्या वेळी.

आधी नावांचं बघून घ्या, नाहीतर तिकीट काढताना गोंधळ होईल. हॅवलॉक आता स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८मध्ये बदलली. २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोलताना सगळे जुनी नावं घेतात, मीही तीच घेतोय.

महिना आणि तिकिटं

जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा उत्तम काळ. मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्यातच अंदमानात पोचतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात. अशा हवेत बोटी रद्द होतात. दिवाळीच्या सुट्टीत अर्धं पुणं तिकडे असतं आणि भाडीही तशीच चढतात, त्यामुळे सुट्टीची सक्ती नसेल तर फेब्रुवारी धरा.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून चेन्नई, बंगळूर किंवा कोलकात्यामार्गे विमान बदलून जावं लागतं. मधे भरपूर वेळ ठेवा. चेन्नईहून जहाजही जातं, पण एका बाजूचे साधारण तीन दिवस समुद्रावर काढायची हौस दोघांनाही असेल तरच त्या वाटेला जा. एकालाच असेल तर नको.

बेटांचा क्रम मात्र चुकवू नका: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर. हॅवलॉकला बहुतेक जण स्कूबा डायव्हिंग करतात, आणि डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसता येत नाही. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायच्या आत उंचीवर गेलं की त्याचे बुडबुडे होतात. एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास थांबावं लागतं. हॅवलॉक आधी आणि नील नंतर ठेवलं की हे अंतर आपोआप पडतं.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच झोपा. सकाळची बोट आणि दुपारचं विमान हा जुगार खेळू नका.

बोट

सरकारी बोट आणि खासगी बोट असे दोन पर्याय आहेत. खासगी बोटींची तिकिटं बरीच आधी मिळतात. हॅवलॉकला साधारण दीड तासात पोचवतात, पण बहुतेक वेळ वातानुकूलित डब्यात काचेआड बसावं लागतं. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, अडीच तासांच्या आसपास घेते आणि भाडं खासगीच्या मानाने फारच कमी. तिची तिकिटं थोडेच दिवस आधी सुटतात. आमचं मत असं की जाताना खासगी घ्यावी, म्हणजे पुढची बुकिंगं बिघडत नाहीत. हॅवलॉक ते नील सरकारी मिळाली तर तीच घ्यावी. गावकरी, कोंबड्यांच्या पाट्या, गॅसच्या शेगड्या असं सगळं त्याच बोटीतून जातं आणि डेकवर वारा खात उभं राहता येतं. ज्याला घाट लागतो त्याला बोटही लागणार. त्याने ॲव्होमिनची गोळी निघायच्या आधीच घ्यावी, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे.

सॅक

देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात चालतं. तुम्ही तेवढं नेऊच नका. दोघांच्या दोन सारख्या सॅक भरणं हा शुद्ध अपव्यय आहे. औषधं, चार्जर, टूथपेस्ट, दोरी, कुलूप हे सगळं दोघांत एकच. कपडे सुती नकोत, समुद्राच्या दमट हवेत ते वाळत नाहीत. पाण्यात घालायला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घ्या, उन्हापासून तो मलमापेक्षा जास्त वाचवतो. सनस्क्रीन घ्यायचंच असेल तर झिंक ऑक्साइडवालं बघा, कारण काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळाला घातक असतं. वाळूतल्या बारीक माश्या चावून हैराण करतात, तेव्हा अंगाला लावायला खोबरेल तेल आणि खाजेवरची गोळी ठेवा. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी हवी. ती नसेल तर पुण्यातल्या बोहरी आळीत जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, काम भागतं.

निघायच्या आधीच्या रविवारी भरलेल्या सॅक पाठीवर टाकून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा. पुणे दरवाज्यापर्यंत पोचताना ज्या वस्तूला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती घरी ठेवायची. वर झुणका-भाकर खाताना दोघांनी एकमेकांच्या सॅकमधलं काय काढायचं ते सांगायचं. स्वतःचं कुणीच काढत नाही.

आधार कार्ड दोघांचं वेगवेगळं, मूळ. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेवा, कारण छोट्या बेटांवर एटीएम मोजकी आणि नेटवर्क लहरी. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० साली सुरू झाल्यापासून परिस्थिती बरीच सुधारली, तरी यूपीआयच्या भरवशावर जेवायला बसू नका.

पोर्ट ब्लेअरचा पहिला दिवस

अंदमान पुण्याच्या जवळपास १९ रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य आपल्याकडच्या मानाने सव्वा तास आधी उगवतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास संध्याकाळ होते. दिवस पहाटे सुरू करा आणि सहानंतर फक्त जेवण धरा.

पहिली दुपार सेल्युलर जेलला द्या. बांधकाम १८९६मध्ये सुरू होऊन १९०६मध्ये संपलं. मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या, त्यांपैकी तीन उरल्या आहेत. फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी इथल्या कोठडीत शिरून उजेड कुठून येतो ते बघावं. साडेतेरा बाय साडेसात फूट जागा आणि मागच्या भिंतीत खूप उंचावर एक झरोका. रांग नसेल तर आत दोन मिनिटं उभे राहा. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकरही याच तुरुंगात होते.

हॅवलॉक

जेट्टीवर उतरलं की टॅक्सीवाले वेढतील. बाजूने बाहेर या. राधानगरच्या किनाऱ्याला जाणारी सरकारी बस आहे, पण फेऱ्या थोड्या. दोघांना दोन-तीन दिवसांसाठी भाड्याची स्कूटर परवडते, दिवसाला पाचशेच्या आसपास. घ्यायच्या आधी तिच्या चारही बाजूंचा व्हिडिओ मालकासमोर काढा. हेल्मेट घाला, इथे पुण्यासारखा वाद घालत बसू नका.

पोहायला राधानगर. वाळूचा तळ असल्यामुळे भरती-ओहोटी दोन्हीला चालतं. विजयनगरच्या किनाऱ्यावर मात्र ओहोटीला पाणी लांब जातं आणि तळातले खडक, प्रवाळ उघडे पडतात. कोकणातल्या आजीचा हिशोब, म्हणजे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, इथे लागू पडत नाही. तो आपल्या किनाऱ्याचा आहे. त्या दिवसाचा भरतीचा तक्ता मोबाइलवर बघा, म्हणजे सकाळी कुठे आणि दुपारी कुठे जायचं ते ठरवता येईल. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

मगरीचे फलक दिसले तर ते शोभेला लावलेले नाहीत. या बेटावर २०१०मध्ये एका अमेरिकन पर्यटक स्त्रीचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने बळी घेतला होता. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही, संध्याकाळी तर नाहीच.

स्कूबाला दोघांपैकी एकजण घाबरत असेल तर ओढून नेऊ नका. कानावरचा दाब काढता आला नाही तर तो अर्ध्या रस्त्यातून वर येणार आणि दुसऱ्याचंही लक्ष उडणार. त्याला एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग करू द्या, मासे तिथेही दिसतात.

नील

हे सायकलवर फिरायचं बेट आहे. इथली वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची, म्हणून बाजारातल्या खाणावळीत ताट बंगाली वळणाचं येतं: भाताचा डोंगर, पातळ मसूर डाळ, बटाटा-फ्लॉवरची भाजी आणि मोहरीच्या रश्श्यातला मासा. भात मागाल तेवढा मिळतो. शाकाहारी असाल तर भाजीत मोहरीचं तेल असणार हे गृहीत धरा. या बेटावर भाजीपाला मुबलक पिकतो, त्यामुळे उपाशी राहणार नाही.

खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट बघता येते. पायात रबरी सँडल हवेत, चपला निसरतात. सूर्यास्ताला लक्ष्मणपूरचा किनारा, सूर्योदयाला सीतापूरचा.

पैसे आणि कटकट

दोघांचा एक सामायिक बटवा करा आणि रोज सकाळी त्यात दिवसाची रक्कम टाका. तो संपला की खरेदी बंद. शिवाय दर तीन दिवसांत एक दुपार वेगवेगळी घालवा: एकजण झोपाळ्यावर, एकजण पाण्यात. चोवीस तास एकत्र राहायची सवय घरीसुद्धा कुणाला नसते.

निघताना

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही उचलू नका, किनाऱ्यावर पडलेलेसुद्धा. विमानतळावर सामान तपासतात, आणि प्रवाळ व काही शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. दुकानातून घेतलं असेल तर पावती जपून ठेवा.

घरी आल्यावर सॅक रिकामी करून गोड्या पाण्याने धुवा. चेनमधलं मीठ जुन्या टूथब्रशने काढा, सावलीत वाळवा आणि चेनवर मेणबत्ती घासा. नाहीतर पावसाळ्यात राजगडाला जाताना ती उघडणार नाही.