काळ्या मातीच्या बरणीत गंधकावर जगणारे जिवाणू कसे वाढवाल?

‘गाळ काळा पडला की जिवाणू कामाला लागले’ ही खूण खानदेशात फसवते. इथली माती मुळातच काळी. म्हणून हा प्रयोग थोडा बदलून करावा लागतो. सर्गेई विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात गाळात जिवाणू वाढवण्याचा हा प्रकार सुरू केला.

एक लिटरची पारदर्शक बरणी घ्या. नदीच्या डोहाकाठचा, पाण्याखालचा गाळ आणा; गटाराचा नको. चिकण काळी माती फुगून घट्ट बसते, त्यामुळे निम्मी वाळू मिसळा. काड्या-खडे काढून टाका.

तिसरा हिस्सा गाळ वेगळा काढा. त्यात वर्तमानपत्राच्या एका पानाचे बारीक तुकडे, चमचाभर जिप्सम (चोपण जमिनीसाठी कृषी केंद्रात मिळतं तेच) आणि उकडलेल्या अंड्याचा अर्धा बलक कालवा. हा थर तळाशी घालून काडीने टोचत हवेचे बुडबुडे काढा. वर साधा गाळ, मग तीन बोटं पाणी. वर थोडी जागा राहू द्या, झाकण सैलच ठेवा. नाहीतर वायू साठून बरणी तडकू शकते.

तळाशी प्राणवायू संपला की काही जिवाणू कागद कुजवतात. दुसरे त्यातून निघालेली आम्लं खातात आणि जिप्सममधल्या सल्फेटचा (गंधकाच्या क्षाराचा) हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, करतात. तो मातीतल्या लोहाला भिडला की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. खात्री करायची तर चमचाभर गाळ पांढऱ्या बशीत पसरून ओलाच ठेवा. सल्फाइड हवेत काही तासांत तांबूस होतं, नुसती काळी माती काळीच राहते.

तीन ते सहा आठवड्यांत काचेलगत खाली हिरवे, त्यावर जांभळे ठिपके दिसतात; हेच ते गंधकावर जगणारे जिवाणू. हिरव्यांना सल्फाइड जास्त सोसतो, म्हणून ते खाली.

ठिपके आलेच नाहीत तर आधी उजेड पाहा. बरणी एलईडीखाली ठेवली असेल तर तेच कारण: या जिवाणूंना अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालपलीकडचा) प्रकाश लागतो, तो एलईडीत जवळपास नसतोच. खिडकीचा उजेड किंवा जुना तारेचा पिवळा बल्ब चालतो. मे महिन्यात मात्र उन्हात ठेवू नका, काळ्या गाळाची बरणी तापून सगळं मरतं. बलक जास्त झाला तर नुसती दुर्गंधी आणि आरपार काळा गाळ.

अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्यातले जिवाणू या बरणीत वाढणार नाहीत, त्यांना ऊबच लागते. शिवाय तिथं लोक श्रद्धेने आंघोळ करतात, कुंडात गाळ उपसू नका.

बरणी रिकामी करायची ती अंगणात, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून.